आधी बाहेर पडा, मग पुसा

आमच्या वाचनालयात फडकेकाका होते. त्यांचं आडनाव फडके नव्हतं. हातात सदा एक फडकं असायचं, म्हणून कुणीतरी थट्टेने तसं म्हणालं आणि ते नाव त्यांना चिकटलं. नवीन सभासद तर सरळ ‘फडकेसाहेब’ अशी हाक मारायचे आणि काका निमूटपणे ओ द्यायचे. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं.

मी देवघेवीच्या खिडकीवर बसते. समोरच त्यांची खोली, मध्ये फक्त वर्तमानपत्रांचं टेबल. त्यामुळे जे घडलं त्यातलं बरंचसं मी पाहिलं, आणि जे पाहिलं नाही ते काकांनीच मला सांगितलं.

काका मूळचे पुस्तकबांधणीवाले. फाटकी पुस्तकं उसवायची, पानं जुळवायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, खळ लावून दाबाखाली ठेवायची, यात त्यांचा जन्म गेला. मग एक दिवस वरच्या मंडळींनी ठरवलं की जुनं बांधण्यापेक्षा नवं घेतलेलं परवडतं. दाबाचं लोखंडी यंत्र भंगारात गेलं आणि त्याच खोलीत लोकांसाठी कॉम्प्युटर आणि इंटरनेट आलं. तिथे बसायला कुणी तयार होईना. मुख्य ग्रंथपालबाई काकांना म्हणाल्या, तुम्हीच बसा, खोली तुमच्या ओळखीची आहे. काका मला येऊन म्हणाले, “पिंजरा ओळखीचा आहे म्हणून वाघ पाळायला दिलाय.”

पण वाघ त्यांनी पाळला. अधूनमधून एक दुरुस्तीवाला यायचा, त्याच्या पाठीशी उभं राहून ते एकेक गोष्ट शिकले. बांधणीच्या माणसाला सगळं क्रमाने लक्षात राहतं. आधी शिवण, मग खळ, मग दाब. क्रम चुकला की पुस्तकाचा कणा मोडतो. इथेही त्यांनी क्रम लावून घेतला. कुणी उठून गेलं की त्याने उघडं ठेवलेलं मेलचं खातं बंद करायचं, त्यानंतर कुठली कुठली पानं पाहिली त्याची नोंद पुसून टाकायची, आणि शेवटी फडक्याने कळफलक पुसायचा. “आधी बाहेर पडा, मग पुसा,” असं ते स्वतःशीच पुटपुटायचे. माणूस मिनिटभर बसलेला असो की तासभर, हे चुकायचं नाही.

एवढी काटेकोर सवय लागायला कारणही तसंच घडलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत एका कारखान्याचा पहारेकरी स्वतःच्या आजाराच्या तपासणीचा अहवाल बघायला आला आणि पान तसंच उघडं टाकून उठला. मागून बसलेल्या दोन कॉलेजच्या पोरांनी ते मोठ्याने वाचलं आणि ती खिदळली. पहारेकरी अजून गेला नव्हता, वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी उभा होता. त्याने हातातलं वर्तमानपत्र नीट घडी घालून ठेवलं आणि निघून गेला. तो पुन्हा कधी आला नाही. काकांनी त्या पोरांना काही म्हटलं नाही, कारण चूक आपली असं त्यांना वाटलं. तेव्हापासून ते पुसू लागले.

लोकांच्याही ते लक्षात आलं असावं. नोकरी शोधणारे आणि परीक्षेचे निकाल बघणारे तर यायचेच. पण घरी मोबाईल असूनही काहीजण मुद्दाम आमच्याकडे येऊ लागले. ज्या गोष्टी घरात बघता येत नाहीत त्या बघायला. काका त्यांच्या पडद्याकडे पाहायचे नाहीत. पण पुसायचं म्हटलं की नोंद डोळ्यांसमोर येतेच. कुणाला काय दुखतंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण कशाला घाबरतंय हे त्यांना कळायचं आणि ते तिथेच राहायचं. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, “मी वाचत नाही, पुसतो. वाचणारा मी असतो तर तुझ्या खिडकीत बसलो असतो.”

अशातच ती बाई येऊ लागली. शाळेचे गणवेश शिवायची. बोटांना सुईचे व्रण आणि पदराला दोऱ्याचा एखादा तुकडा चिकटलेला. माझ्याकडून नेहमी जाडजूड कादंबरी घ्यायची. घरी सांगायला कारण हवं म्हणून ती जाड असायची, हे मला फार उशिरा कळलं. पुस्तक पिशवीत टाकून ती काकांच्या खोलीत जायची आणि दाराकडे तोंड येईल अशा खुर्चीवर बसायची. काका तिला ताई म्हणत.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “काका, मी इथे काय बघते ते घरी कळेल का?”

“तुम्ही उठलात की मी पुसतो,” काका म्हणाले. “इथलं इथेच राहतं.”

ती काय शोधत होती हे काकांना पुसताना दिसलं. दुसऱ्या गावी रुग्णसेविकेचं शिक्षण देणारी एक संस्था, राहायची सोय असलेली. एकट्या बायकांना आसरा देणारी एक जागा. मारहाणीची तक्रार केली की पुढे काय होतं. आणि एकदा नुसतंच, गळ्यावरचे वळ किती दिवसांनी जातात. काकांनी ते पुसलं आणि कळफलकावरून नेहमीपेक्षा जास्त वेळ फडकं फिरवत राहिले. ते मला तेव्हा काही बोलले नाहीत. ती बाई गळ्याला रुमाल बांधून यायची, हे मात्र मीही पाहिलं होतं.

याच सुमारास खोलीतल्या एका कॉम्प्युटरला काहीतरी लागण झाली. काहीही उघडलं की घाणेरड्या जाहिराती आपोआप येऊ लागल्या. दुरुस्तीवाल्याने येऊन पाहिलं आणि काकांवर वैतागला. सगळ्या कॉम्प्युटरवरचे ब्राउझर जुनेपुराणे होते. ‘नवी आवृत्ती तयार आहे’ अशी पट्टी रोज यायची आणि काका रोज ‘नंतर’ वर बोट ठेवायचे. नवं आलं की बटणांच्या जागा बदलतात, माणसं गोंधळतात आणि मला विचारतात, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्तीवाला म्हणाला, जुनी आवृत्ती म्हणजे कडी नसलेलं दार. कुणीही आत येऊन लोकांचे पासवर्ड उचलून नेईल. काका हे ऐकून चपापले. त्यांनी त्याच दिवशी सगळीकडे नवी आवृत्ती घालून घेतली. त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

नव्या ब्राउझरची बटणं खरोखरच इकडची तिकडे झाली होती. काका दोन दिवस चिडचिडे झाले आणि मग रुळले.

त्यानंतर ती ताई आली तेव्हा तिला त्या संस्थेला अर्ज पाठवायचा होता. आतापर्यंत ती नुसती बघायची. मेल तिने इथे कधी उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. आत शिरताच पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. तिच्यात बरंच काही लिहिलेलं, खाली एक मोठं निळं बटण आणि बाजूला बारीक करड्या अक्षरात ‘नको’. ताईने काकांना हाक मारली आणि हे काय विचारतंय म्हणून विचारलं.

काका दुसऱ्या कुणाच्या छपाईत अडकलेले होते. त्यांनी लांबूनच पाहिलं. नव्या आवृत्तीत पावलोपावली काहीतरी विचारत असतं हे त्यांना दोन दिवसांत पाठ झालं होतं. ते म्हणाले, “असंच काहीबाही विचारतं ते. हो म्हणा, म्हणजे पुढे जाल.”

तिने निळं बटण दाबलं. अर्ज गेला. ती उठली तेव्हा पहिल्यांदाच हसली, असं काका नंतर मला सांगायचे. ती गेल्यावर त्यांनी तिचं खातं बंद केलं, नोंद पुसली, कळफलक पुसला. रोजच्या क्रमाने.

ती आणखी दोनतीनदा आली. संस्थेचं उत्तर आलंय का बघायची, ती आसऱ्याची जागा पुन्हा शोधायची आणि त्या गावाला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा बघायची. मग यायची थांबली.

तिच्याऐवजी तिचा नवरा आला. मी कसलातरी दांडगट माणूस मनात रंगवला असता, पण हा इस्त्रीचा शर्ट घातलेला, हळू बोलणारा, चप्पल दाराबाहेर काढावी की नाही असं विचारणारा गृहस्थ होता. त्याने तिची कादंबरी परत केली, तिचं सभासदत्व बंद करायला सांगितलं आणि मला धन्यवाद दिले. मग काकांच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

“बायकांना मदत करणारे काका ते तुम्हीच ना?” त्याने विचारलं.

काका उभे राहिले.

“घरच्या कॉम्प्युटरवर सगळं दिसलं,” तो म्हणाला. “शिक्षण, आसरा, गाड्यांच्या वेळा. वर तुमच्या मशीनचं नावही होतं, वाचनालयाच्या नावासकट. तिचं मेलचं खातं मीच उघडून दिलंय हो, गणवेशाच्या ऑर्डरींसाठी. घरी ते चालूच असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.” थोडं थांबून तो म्हणाला, “तुमचं वय झालंय, म्हणून जास्त बोलत नाही.”

आणि खरंच तो जास्त बोलला नाही. जाताना त्याने दार हळूच ओढून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका नंतर म्हणाले. निदान चार माणसं जमली असती.

काकांना काही केल्या कळेना. मी पुसलं होतं, मी स्वतः पुसलं होतं, एवढंच ते म्हणत राहिले. दुरुस्तीवाला आला तेव्हा त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि कुणाचं नाव न घेता सगळं विचारलं. त्याने नव्या ब्राउझरमध्ये ती चौकट उघडून दाखवली. त्या निळ्या बटणाचा अर्थ असा होता की मी इथे जे पाहीन ते माझ्या खात्यात साठव आणि माझं खातं जिथे जिथे चालू असेल तिथे दाखव. चौकटीत तसं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, पण लिहिलेलं होतं.

“पण मी नंतर पुसायचो,” काका म्हणाले.

दुरुस्तीवाल्याने ते कसं पुसतात ते करून दाखवायला सांगितलं. काकांनी दाखवलं. आधी खातं बंद, मग नोंद साफ. तो म्हणाला, इथेच घोळ झाला. खातं बंद केल्यावर पुसलं तर फक्त या कॉम्प्युटरवरचं जातं; खात्यात साठलेलं तसंच राहतं. खातं चालू असताना पुसलं असतं तर बहुधा घरचंही गेलं असतं.

त्याने हे सहज सांगितलं. त्याच्या लेखी तो यंत्राचा एक गुण होता. पण इतकी वर्षं काकांनी जो क्रम सांभाळला तोच उलटा निघाला होता, आणि त्याच्याही आधी ते ‘हो म्हणा’ त्यांच्याच तोंडून गेलं होतं. दुरुस्तीवाला गेल्यावर ते माझ्या खिडकीशी आले आणि तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. सांगताना ते खिडकीच्या लाकडावर नखाने काहीतरी खरवडत होते. मी म्हटलं, काका, तुम्हाला काय ठाऊक. ते म्हणाले, “ठाऊक नव्हतं तर ठाऊक नाही म्हणायचं. मी हो म्हणायला सांगितलं.”

तिचा पत्ता आमच्या सभासदांच्या नोंदीत होता. मी आपणहून म्हटलं, देऊ का. काकांनी नको म्हणून मान हलवली. तो पत्ता तिने पुस्तकांसाठी दिलाय, असं म्हणाले. आणि आपण दारात जाऊन उभे राहिलो तर मार तिलाच बसेल, हेही त्यांना कळत होतं. म्हणून ते थांबून राहिले. दारात कुणाची सावली पडली की मान वर करायचे.

ती त्यांना भेटली ती गणवेशाच्या कापडाच्या दुकानात. काका अक्कासाठी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी, अस्तर घ्यायला गेले होते. ताई गठ्ठा उचलत होती आणि सासूबाई गल्ल्यापाशी हिशेब करत होत्या. ताई वाळली होती. काका जवळ गेले.

“तुम्ही पुसलं होतं ना, काका?” तिने हळू आवाजात विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

“पुसलं होतं. पण ते चुकीचं होतं. आणि ते बटणही मीच दाबायला सांगितलं.”

“दाबलं मीच,” ती म्हणाली. मग म्हणाली की संस्थेने तिला घेतलं होतं. उत्तर आलं होतं, पण ते आधी नवऱ्याने वाचलं. आता मोबाईल सासूबाईंकडे असतो आणि शिवणयंत्र पुढच्या खोलीत आणलंय, सगळ्यांच्या नजरेसमोर. एवढ्यात सासूबाईंनी कोण आहेत हे म्हणून विचारलं. ताई म्हणाली, वाचनालयातले. आणि गठ्ठा उचलून त्यांच्या मागोमाग निघाली.

काका घरी आले ते अस्तर न घेताच. घर म्हणजे दोन खोल्या, काका आणि अक्का. काकांची बायको फार लवकर गेली होती आणि अक्का त्याच्याही आधीपासून माहेरीच होती. अक्काला एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने जेमतेम. तिला काही सांगणं म्हणजे आख्ख्या आळीला सांगणं. म्हणून लोकांची गुपितं काकांनी तिला कधीच सांगितली नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

अक्काने ऐकून घेतलं. तिचा एक कान कसा गेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. ती नवऱ्याचं घर सोडून पहिल्यांदा आली तेव्हा वडिलांनी तिला समजूत घालून परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा आली ती एका कानाने.

“तुला दिसत होतं ना, ती काय शोधते ते?” अक्काने विचारलं.

“दिसत होतं.”

“मग तू तिला काय म्हणालास?”

“काही नाही. लोकांचं वाचायचं नाही, बोलायचं नाही, हाच तर माझा नियम.”

अक्का म्हणाली, “मी आले तेव्हा दाराशी कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं, की ये, थांब. तेवढ्याने भागलं असतं. तू इतके दिवस तिच्यासमोर बसून नुसता पुसत राहिलास.”

ती रागाने बोलली नाही, आणि बोलून स्वयंपाकाला लागली. पण काकांना ते फार लागलं. ब्राउझरचं आपल्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणून निदान थोडी सुटका होती. यातून सुटका नव्हती. ते मला म्हणाले, “सभ्यपणा म्हणून मी मान खाली घातली. तिला वाटलं असेल, यालाही काही घेणं नाही.”

त्यानंतर त्यांनी पुसायचा क्रम बदलला, ती चौकट प्रत्येकाला वाचून दाखवायला लागले आणि खोलीच्या दारावर पाटी लावली की इथे पाहिलेलं गुप्त राहील याची खात्री देता येत नाही. पाटी खरी होती. पण खरी पाटी वाचून कोण आत येणार? निकाल बघणारी मुलं येत राहिली. ज्यांना खरी गरज होती ती माणसं दारातूनच वळू लागली. ग्रंथपालबाईंनी पाटी काढायला सांगितली. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिता ठीक आहे, पण लोकांना ताकच नको म्हणू नका, असं त्या म्हणाल्या. काकांनी पाटी काढली, पण तोंडाने सांगायचं सोडलं नाही.

एकदा एक मुलगी आली, लग्नाच्या वयाची, खांद्यावर कामाची पिशवी. बसायच्या आधी तिने विचारलं, इथे पाहिलेलं कुणाला कळत नाही ना? काकांनी तिला खुर्ची पुढे केली. “मी सगळं पुसतो,” ते म्हणाले, “पण सगळं पुसलं जातंच असं मला सांगता यायचं नाही. आणि बाळ, काही अडचण असेल तर नुसतं सांगितलंस तरी चालेल. ही समोरची ताईही आहे.”

त्यांनी माझ्याकडे हात केला. मीही खिडकीतून उठले. मुलीने आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही दोघं अनोळखी माणसं एकदम तिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, नाही, सहज विचारलं. आणि निघून गेली. काका दारापर्यंत मागे गेले, पण रस्त्यावर जाऊन तिला हाक मारण्याचा त्यांना धीर झाला नाही. परत येऊन खुर्चीवर बसले. आधी मी बोललो नाही तेव्हा एकीचं वाटोळं झालं, म्हणाले, आणि आज बोललो तर ही पळाली.

थोड्याच दिवसांनी त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगून ती खोली सोडली. त्यांना तळघरातल्या कोठारात टाकलं, रद्दीत काढायची पुस्तकं वेगळी करायला. तिथेच ते निवृत्त झाले. निरोपाला आम्ही चहा केला. ग्रंथपालबाईंनी दोन शब्द बोलताना त्यांच्या बांधणीचं कौतुक केलं, कॉम्प्युटरच्या खोलीचा उल्लेख केला नाही.

ताईबद्दल मला एकदाच कळलं, त्या कापडाच्या दुकानदाराकडून. ते कुटुंब घर सोडून गेलं होतं. नवऱ्याची बदली झाली असं कुणी म्हणत होतं, आणखी कुणी आणखी काही. ती बरोबर होती का, म्हणून मी विचारलं. दुकानदार म्हणाला, सामानाची गाडी पाहिली, त्यात शिवणयंत्र होतं. माणसं काही त्याने पाहिली नव्हती.

मी हे काकांना सांगायला गेले. अक्का बाहेर ऊन खात बसली होती. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, यंत्र नेलं म्हणजे ती बरोबर असेल, की यंत्र त्यांच्याकडे राहिलं आणि ती एकटी निघून गेली असेल? ते म्हणाले, ती निघून गेली असेल असं मी धरून चालतो. मग जरा वेळाने म्हणाले की तसं धरून चालणंही सोयीचंच आहे. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं, आणि आम्ही तिघं उन्हात बसून राहिलो.